पंखा स्वतः बसवायचाय? आधी हूक बघा, वायर नंतर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. रत्नागिरीत इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट, इमारत १९९४ ची, हॉलमधला जुना पंखा खडखड करायला लागला म्हणून तुम्ही नवीन बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा मागवला, तो खोका आठ दिवस सोफ्यामागे पडून आहे, वायरमन आज येतो उद्या येतो करतोय, घरात तुम्ही आणि आई दोघीच, इन्व्हर्टर आहे, आणि तुमचं म्हणणं असं की स्विच आणि होल्डर मी स्वतः बदललेत, मग पंखा का नाही, फक्त शॉकची भीती वाटते.

मी आयटीआयला वायरमनचा ट्रेड करून १९९९ पासून याच किनारपट्टीवर काम करतोय. पंखे किती चढवले त्याचा हिशेब नाही. सरळ उत्तर द्यायचं तर हो, तुम्ही करू शकता. पण तुम्ही ज्या गोष्टीला घाबरताय ती या कामातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. वायर दोन असतात, फार तर तीन, आणि वीज खरंच बंद असेल तर त्या नुसत्या तांब्याच्या तारा. खरी काळजी तीन ठिकाणी आहे: वीज खरोखर बंद झालीय का, वरचा हूक वजन धरेल का, आणि तुम्ही ज्यावर उभ्या राहणार ते स्थिर आहे का. बहुतेक लोक वायरीला घाबरतात आणि हुकाकडे मान वर करून बघतही नाहीत, आणि तुमच्या बाबतीत, वरचा मजला, तीस वर्षांचा स्लॅब आणि समुद्राची हवा, तिथे हूक हाच पहिला प्रश्न आहे.

नियमाचंही सांगून टाकतो कारण लोक विचारतात की घरमालकाने स्वतः हात लावणं कायद्यात बसतं का. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत नियम ४५ होता, वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असा, पण त्यातच दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्याला सूट होती, मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर. पुढे २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम आले त्यातही ती सूट राहिली. म्हणजे जुना पंखा उतरवून त्याच जागी नवा लावणं हे तुमचं काम. जिथे पॉइंटच नाही तिथे भिंत फोडून पाईप टाकून नवीन वायर ओढायची असेल तर ते तुमचं काम नाही, तिथे लायसनवाला माणूस बोलवा. माझ्या अनुभवात ही रेघ अगदी बरोबर जागी मारलेली आहे.

आता वीज बंद करणं. हे वाचताना घाई करू नका.

पंख्याचं बटण बंद केलं म्हणजे वीज गेली असं धरून चालू नका. जुन्या इमारतींत कितीतरी ठिकाणी मी बघितलंय की स्विचमध्ये फेजऐवजी (म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) घेतलेला असतो, पंखा बंद होतो पण वर सीलिंग रोझमध्ये, म्हणजे छतावरच्या वायरी जोडायच्या गोल डबीत, फेज जिवंतच. म्हणून एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या बोर्डातला खटका, पाडायचा. कुठला एमसीबी हॉलचा ते ओळखायची माझी पद्धत अशी की पंखा फुल स्पीडला चालू ठेवायचा आणि मग बोर्डातला एक एक एमसीबी पाडत जायचं, ज्याने पंखा मंदावला तो आपला. आणि इथेच तुमच्या घरातली गोची आहे, इन्व्हर्टर. हॉलचा पंखा इन्व्हर्टरच्या लाइनवर असला तर मेन पाडल्यावर तो क्षणभर मंदावेल आणि परत फिरायला लागेल, कारण इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली आणि तो आपलं काम सुरू करतो. माझ्याबरोबर एक पोरगा कामाला होता, चांगला हुशार, घरच्यांनी खालून सांगितलं मेन बंद केलाय, याने वर हात घातला. इन्व्हर्टर चालू होता. शॉक तसा हलका होता, पण झटक्याने तो रंगाऱ्यांच्या लाकडी घोड्यावरून पडला आणि मनगट मोडलं, दीड महिना प्लॅस्टर. तेव्हापासून मी स्वतःच्या डोळ्याने बघितल्याशिवाय कुणाच्या तोंडी शब्दावर वर हात घालत नाही, आणि तुम्हीही घालू नका.

म्हणून क्रम असा ठेवा. पंखा चालू असताना आधी मेन पाडा. पंखा परत फिरायला लागला तर इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करा. नुसतं इन्व्हर्टरचं बटण बंद करून भागत नाही, कारण मेन चालू असेल तर बटण बंद असतानाही इन्व्हर्टर मेनची वीज तशीच पुढे सोडतो. मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद, आणि पंखा पूर्ण थांबलेला, असं झालं की मग भिंतीवरचं बटण बंद करा. मेनच्या एमसीबीवर चिकटपट्टी लावा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा, वर माणूस आहे, चालू करू नये. आईंना सांगून ठेवा, मध्येच फ्रीज बंद दिसला म्हणून कोणी मेन उचलतं, हे घडलेलं आहे.

मग टेस्टर. टेस्टर वर नेण्याआधी चालू लाइनवर लावून बघायचा, म्हणजे मेन पाडायच्या आधीच एखाद्या सॉकेटमध्ये घालून तो पेटतोय याची खात्री करायची. आणि एक लक्षात ठेवा, निऑनचा टेस्टर तुमच्या अंगातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो, लाकडी शिडीवर रबरी चप्पल घालून उभ्या असाल आणि खिडकीतून ऊन येत असेल तर तो इतका मंद पेटतो की दिसतच नाही. म्हणून टेस्टर पेटला नाही एवढ्यावर कधीच जाऊ नका. मेन आणि इन्व्हर्टर पाडल्यावर पंखा थांबलेला बघितला हा पहिला पुरावा, टेस्टर हा दुसरा, दोन्ही पाहिजेत. वर सीलिंग रोझ किंवा कनेक्टर उघडल्यावर प्रत्येक स्क्रूला टेस्टर लावायचा, फेजला न्यूट्रलला अर्थिंगला सगळ्याला.

उभं कशावर राहायचं तर चारपायी घडीची शिडी किंवा रंगाऱ्यांचा लाकडी घोडा. बेडवर खुर्ची नको, डायनिंग टेबलावर स्टूल तर अजिबात नको. फरशीवर घासणारी शिडी असेल तर खाली पोतं अंथरा. एक वर आणि एक खाली असं दोघींनी करायचं काम आहे हे, पण आईंनी पंखा उचलायचा नाही, त्यांनी शिडी धरायची आणि पाने-स्क्रू हातात द्यायचे. पंखा वर देण्यासाठी शेजारचं कोणी तरुण दहा मिनिटांसाठी बोलवा, मोटर रॉडसकट चार किलोच्या आसपास भरते, जमिनीवर काहीच वाटत नाही पण दोन्ही हात डोक्याच्या वर धरून एका हाताने बोल्ट सरकवायचा म्हटलं की खांदे भरून येतात.

जुना पंखा उतरवताना आधी पाती काढा, तिन्ही, एक एक करून, दोन पाती काढून एक लटकती ठेवली तर मोटर एकीकडे कलते. मग रॉडवरची वरची वाटी (जोडणी झाकणारं झाकण) सैल करून खाली सरकवा, जोडणीचा मोबाइलवर फोटो काढा, कनेक्टरमधल्या वायरी सोडवा. जुन्या पंख्याच्या कंडेन्सरच्या (मोटरला जोडलेल्या छोट्या डबीच्या) दोन टोकांना हात लावू नका, त्यात थोडा चार्ज शिल्लक राहू शकतो, स्क्रू ड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ धरून त्याचं लोखंडी पातं दोन्ही टोकांवर एकदम टेकवलं की झालं. मग खालच्या माणसाने मोटर तळहातावर पेलायची आणि वरच्याने क्लॅम्पचा, म्हणजे रॉड हुकात अडकवणाऱ्या लोखंडी कड्याचा, बोल्ट काढायचा. स्प्लिट पिन (नट निसटू नये म्हणून बोल्टच्या भोकात घातलेली दोन पायांची पिन) गंजून बसलेली असेल, पक्कडीने सरळ करून ओढा, नाही निघाली तर कापा.

आणि जुना पंखा खाली आला की क्लॅम्पमधलं रबर बघून घ्या. हुकावर बसणारी ती रबरी रीळ असते, ती वर्षानुवर्षांनी चेपते, तडकते, कधी कधी पूर्ण झडून गेलेली असते आणि मग लोखंड लोखंडावर वाजतं. तुमच्या पंख्याची खडखड बहुतेक तीच असेल. मोटर चांगली असेल तर किरकोळ पैशात नवीन रबर टाकून तो पंखा आतल्या खोलीत अजून काही वर्षं चालेल, लगेच भंगारात घालू नका.

आता हूक. पंखा खाली ठेवा, हात पुसा, आणि दहा मिनिटं फक्त हुकाकडे द्या.

आरसीसी स्लॅबमध्ये हूक म्हणजे स्लॅब भरतानाच आतल्या सळ्यांना अडकवून ठेवलेली वाकवलेली सळई, बहुतेक वेळा लोखंडी फॅन बॉक्ससकट. नीट बसवलेला असेल तर तो पंख्याच्या कितीतरी पट वजन घेतो. पण वरचा मजला म्हणजे गच्चीचं पाणी, आणि आपल्याकडे चार महिने पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. पाणी स्लॅबमध्ये मुरतं, फॅन बॉक्सच्या पोकळीत जमतं आणि हूक आतून खातं. बाहेरून रंगाचे चार हात चढलेले असतात, दिसायला ठणठणीत.

एका बंगल्यात असंच झालेलं, तेही वरच्याच मजल्यावर. मालकांना नवीन पंखा लावून हवा होता, हूक पांढऱ्याशुभ्र ऑइलपेंटमध्ये, मी सवयीप्रमाणे स्क्रू ड्रायव्हरने खरवडला आणि रंगाचा पापुद्रा सुटला, त्याच्या खाली गंजाचा पापुद्रा, त्याच्या खाली आणखी एक, पत्त्यांसारखे थर सुटत गेले. शेवटी जे लोखंड उरलं ते पेन्सिलीपेक्षा बारीक होतं. त्याच्या बरोबर खाली पाळणा होता. मी त्या दिवशी पंखा लावला नाही आणि मालक थोडे नाराज झाले, पण पाळणा दुसऱ्या भिंतीला सरकवल्याशिवाय मी तिथून निघालो नाही.

म्हणून तुम्ही असं करा. चांगला उजेड घ्या, मोबाइलचा टॉर्च चालेल. हुकाचा बाक जिथे असतो, जिथे रबर टेकतं, तिथे बोट फिरवा. रबर झिजल्यावर पंखा तसाच चालवला असेल तर तिथे घासून खाच पडलेली असते, नखाला लागते. नुसती रेघ असेल तर हरकत नाही, पण चतुर्थांश जाडी गेली असेल तर तो हूक माझ्या हिशेबी बाद. मग खरवडा, रंगाखाली काळसर घट्ट लोखंड लागलं तर चांगलं, लालसर भुगा आणि पापुद्रे निघत राहिले तर थांबा. मग हुकाच्या आजूबाजूचा स्लॅब हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोका. टणक आवाज आला पाहिजे. बद्द, पोकळ आवाज येत असेल किंवा सळईच्या रेषेत तडा दिसत असेल, तपकिरी डाग असतील, तर आतल्या सळ्या गंजून फुगल्यात आणि काँक्रीट सुटायला आलंय. तिथे पंखा नाही, आधी स्लॅब.

डोळ्याने पास झाला तरी मी वजन लावून बघतो. पाण्याचा वीस लिटरचा कॅन भरून घ्यायचा म्हणजे वीस किलो झाले, मजबूत दोरी दुहेरी करून हुकातून घ्यायची आणि कॅन अशा बेताने बांधायचा की तो फरशीपासून फक्त वीतभर वर राहील, म्हणजे हूक सुटलाच तरी कॅन वीतभरच पडेल. खाली जुनी गादी टाका. पंधरा मिनिटं तसाच लटकू द्या, लांबून काठीने कॅन थोडा झुलवा, आणि त्या वेळात खाली कोणी जायचं नाही, कारण हूक सुटला तर स्लॅबचा ढलपाही येऊ शकतो. पंखा चार-पाच किलोचा असला तरी तो फिरताना हुकाला सतत हलवत राहतो, म्हणून पाचपट वजनाला न डगमगणारा हूक मला पाहिजे असतो.

हूक नापास झाला तर बाजूला अँकर फास्टनरचा (भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टचा) हूक बसवता येतो, पण त्याला हॅमर ड्रिल लागतं, काँक्रीट आतून निरोगी लागतं आणि भोक बरोबर मापाचं लागतं, सैल भोकातला फास्टनर ओढला की हातात येतो. गळक्या स्लॅबमध्ये तर हे तुम्ही करू नका, माणूस बोलवा आणि तो काम करत असताना शेजारी उभ्या राहा. पीओपीचं सीलिंग असलेल्यांसाठीही सांगतो, पीओपीला किंवा त्याच्या पत्र्याच्या फ्रेमला पंखा कधीच टांगायचा नाही, सीलिंगला भोक ठेवून लांब रॉडने वरच्या मूळ हुकालाच टांगायचा. आणि गावाकडे कौलारू घर असेल तर तुळईला आरपार बोल्टचा हूक, मागून वॉशर आणि नट, नुसता पिळाचा हूक लाकडात फिरवून नको. तिथे वाळवी बघायची, टोच्या मारला की लाकूड भसकन आत जातं का ते.

हूक पास झाला असं धरून पुढे जातो.

रॉड किती लांब? तुमची उंची तुम्ही लिहिली नाही, पण त्या काळच्या फ्लॅटला साधारण नऊ ते साडेनऊ फूट असते. खोक्यात बहुतेक फूटभराचा रॉड येतो, तो लावल्यावर पाती हुकापासून सव्वा ते दीड फूट खाली येतात, म्हणजे जमिनीपासून साधारण पावणेआठ-आठ फुटांवर. बरोबर. साडेसात फुटांच्या खाली पाती येऊ द्यायची नाहीत, टी-शर्ट काढताना हात वर जातात, मुलं सोफ्यावर उड्या मारतात. आणि वर छतापासून फूटभर अंतर पाहिजेच, पाती छताला चिकटून असली तर वरून हवाच ओढता येत नाही आणि मोठा पंखा घेऊनही वारा लागत नाही.

जोडणी जमिनीवर करायची, वर फक्त टांगायचं. रॉडमधून मोटरच्या वायरी वर ओढून घ्या, रॉड मोटरच्या गळ्यात बसवा, आरपार बोल्ट टाका, नट आवळा आणि नवीन स्प्लिट पिन घालून तिचे दोन्ही पाय उलट दिशांना वाकवा. एकच पाय वाकवून सोडलेली पिन मी किती वेळा बघितलीय, थरथरीने नट हळूहळू सैल होतो आणि बोल्टला अडवायला काहीच राहत नाही. जुनी पिन सरळ करून परत वापरू नका, ती वाकवलेल्या जागी मोडते. गळ्याला बाजूने एक छोटा स्क्रू असतो तो रॉडवर घट्ट टेकेपर्यंत आवळा, तो सैल राहिला तर पुढे टिकटिक येते. आणि क्लॅम्प जोडण्याआधी दोन्ही वाट्या रॉडवर ओवून घ्या, खालची मोटरकडे आणि वरची छताकडे तोंड करून. हे विसरलं की सगळं टांगून झाल्यावर परत उतरवावं लागतं, नवीन माणसाची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. काही बीएलडीसी मॉडेलमध्ये सर्किट खालच्या वाटीतच असतं, तिथली बारीक वायर वाटीच्या काठाखाली चेपली जात नाही ना ते बघा.

मग पाती न लावता मोटर वर द्या, रबर हुकात बसवा, बोल्ट, नट, पिन. बोल्ट इतकाही आवळू नका की रबर चिरडेल, ते थोडं झुलतं राहिलं पाहिजे, पंखा स्वतःच्या वजनाने सरळ होतो तो त्या झुलण्यामुळेच. सेफ्टीची स्टीलची दोरी दिली असेल तर ती क्लॅम्पमध्ये न अडकवता थेट हुकातून घ्या, क्लॅम्पच सुटला तर क्लॅम्पला बांधलेल्या दोरीचा उपयोग नाही.

वायरी. छतातून येणाऱ्या वायरी जुन्या वायरिंगमध्ये बहुतेक लाल फेज आणि काळी न्यूट्रल असतात, पण १९९४ च्या इमारतीत कोणाच्या हाताने काय रंग ओढलाय याचा भरवसा नाही, म्हणून तुम्ही काढलेला फोटो आणि टेस्टर यांच्यावरच चाला. बीएलडीसीला बाहेरचा कंडेन्सर जोडायचा नसतो, फक्त फेज, न्यूट्रल आणि असेल तर हिरवी अर्थिंगची. तारेची टोकं अर्धा इंच सोला, तारांना पीळ देऊन कनेक्टरमध्ये घाला, स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा. नुसतं पिळून टेप गुंडाळलेला जोड छताच्या उष्णतेत सुटतो, टेपचा चिकटपणा जातो. अर्थिंगची वायर वर आलेलीच नसेल, जुन्या घरांत नसते, तर पंख्याची हिरवी वायर टेप लावून बाजूला ठेवा, ती न्यूट्रलला कधीही जोडू नका. वायर चंदेरी निघाली तर ती अ‍ॅल्युमिनियमची, दोनदा वाकवली की तुटते आणि तांब्याशी थेट पिळली की जोड तापतो, तिथे काम थांबवून वायरमनला बोलवा.

रेग्युलेटरचं तुम्ही विचारलं नाही पण तेच बहुतेकांचं चुकतं. बीएलडीसी पंख्याच्या आत स्वतःचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, स्पीड रिमोटने किंवा त्या सर्किटनेच बदलतो, आणि त्याला पूर्ण व्होल्टेज लागतं. जुना रेग्युलेटर मध्ये राहिला तर पंखा गुणगुणतो, मध्येच बंद पडतो, सर्किट जळूही शकतं. काही जण रेग्युलेटर पाचवर ठेवून चालवतात, पण घरात कोणीतरी सवयीने तो दोनवर फिरवणारच. म्हणून बोर्ड उघडून, मेन आणि इन्व्हर्टर अजून बंदच आहेत हे परत बघून, रेग्युलेटरच्या दोन वायरी सोडवा, त्या कनेक्टरने एकमेकींना जोडा आणि रेग्युलेटरच्या जागी ब्लँक प्लेट लावा. साध्या पंख्याला यातलं काही करावं लागत नाही.

पाती सगळ्यात शेवटी. एका पंख्याची पाती एकाच खोक्यातली असतात आणि वजनाने जुळवलेली असतात, त्यात दुसऱ्या पंख्याचं पातं मिसळू नका. स्क्रू आधी सगळे हाताने लावा, मग एक एक करून सारखे आवळा.

पहिल्यांदा चालू करताना खाली कोणी नको. एक नंबरवर पाच मिनिटं, मग फुल. खालून बघितल्यावर आपल्याकडचा पंखा घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो. बीएलडीसीमध्ये दिशा सर्किट ठरवतं, पण साध्या पंख्याला कंडेन्सरच्या वायरी उलट लागल्या तर तो उलटा फिरतो आणि फिरत असूनही खाली वारा लागत नाही. थोडं हेलकावे खाणं नवीन पंख्यात असतं. जास्त असेल तर बंद करून, पूर्ण थांबल्यावर, शिडीवरून एक काठी छताला टेकवून एका पात्याच्या टोकाची उंची खुणेने धरा आणि हाताने पंखा फिरवत बाकीची दोन टोकं त्याच खुणेशी येतात का बघा. एखादं टोक वर-खाली असेल तर त्या पात्याचे स्क्रू सैल करून परत बसवा, बहुतेक वेळा तेवढ्याने जातं. पातं हाताने वाकवू नका.

आवाजावरूनही कळतं. टिकटिक म्हणजे वाटी मोटरला किंवा रॉडला लागतेय, वाटी बोटभर सरकवा. खडखड म्हणजे वरचा बोल्ट किंवा गळ्यातला स्क्रू.

तुम्ही बीएलडीसी घेतलाय ते चांगलं केलंत, साधा पंखा ७०-८० वॉट खातो आणि हा तीसच्या आसपास, रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा-सतरा युनिट वाचतात. १ जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं झालंय, तुमच्या खोक्यावर ते असेल, ते आणि वॉरंटीचं कार्ड जपून ठेवा.

आता तुम्ही नक्की काय करायचं ते. उद्या मेन आणि इन्व्हर्टर बंद करून फक्त जुन्या पंख्याची वरची वाटी खाली सरकवा आणि टॉर्च मारून हुकाचा आणि त्याच्या आजूबाजूच्या छताचा फोटो काढून इथे टाका, खरवडलेल्या जागेसकट. जुना पंखा अजून उतरवू नका. फोटो बघून हूक कसा दिसतो ते मी सांगतो. ठीक दिसला तरी पंखा उतरवल्यावर कॅनचं वजन लावून बघायचंच, आणि त्यातही पास झाला तर रविवारी सकाळी उजेडात दोन तासांत काम होईल. नापास झाला तर खोका अजून थोडे दिवस सोफ्यामागे राहू द्या आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल सोसायटीला पत्र द्या, पावसाळ्याच्या आधी. पंखा लागल्यावर पंधरा दिवसांनी एकदा परत शिडी लावून पात्यांचे स्क्रू आणि वरचा बोल्ट पान्याने तपासा, सुरुवातीच्या थरथरीत ते थोडे सैल होतातच, आणि तेव्हाही आधी मेन, मग इन्व्हर्टर.